आधी काम, मग तारीख, मग सही

वडील कराड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापक होते. मार्च आला की आमच्या घरात सतरंजीवर कीर्द, पावत्यांचं बाड आणि डेडस्टॉक रजिस्टर पसरलेलं असायचं. सादिलच्या, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चासाठीच्या, तुटपुंज्या पैशांतून आणलेला खडूंचा खोका, झाडू, हजेरीपट, सगळ्याची नोंद. मोडकी खुर्चीसुद्धा फेकायची सोय नव्हती, कारण तिच्या पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर होता आणि तो नंबर रजिस्टरमध्ये अजून जिवंत होता. मी तेव्हाच ठरवलं होतं, काहीही करीन, पण सरकारी हिशेब लिहिणार नाही.

आज सतरा वर्षं मी तेच करते आहे, फक्त टेक्सासमध्ये. बी.कॉम., लग्न, डिपेंडंट व्हिसावरची रिकामी वर्षं, आणि २००८ साली एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे परिसरातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, फेडरल प्रोग्राम्स विभागात क्लार्कची नोकरी. इथल्या सरकारी शाळा मुख्यतः स्थानिक घरपट्टीवर आणि राज्याच्या पैशावर चालतात. वॉशिंग्टनचा वाटा साधारण वर्षात दहा टक्क्यांच्या आसपास. पण त्या दहा टक्क्यांसाठी लागणारे कागद बाकीच्या नव्वद टक्क्यांना भारी पडतात, आणि ते कागद माझ्या टेबलावर असतात. मराठी मंडळात कुणी विचारलं, ‘तू नेमकं काय करतेस गं?’ की सांगायला वेळ लागतो. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

१. हा पैसा शाळेचा नाही

टायटल वन म्हणून ओळखला जाणारा निधी गरीब मुलांच्या शिक्षणासाठी आहे. अलीकडच्या वर्षांत तो देशभर मिळून १८ अब्ज डॉलरच्या वर जातो. तो ज्या कायद्यातून आला, त्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ११ एप्रिल १९६५ रोजी सही केली. व्हाइट हाउसमध्ये नव्हे, तर टेक्सासमध्येच, लहानपणी ते ज्या एकखोली शाळेत जात त्या स्टोनवॉलजवळच्या शाळेबाहेर, आपल्या पहिल्या शिक्षिका केट डेड्रिक लोनी यांना शेजारी बसवून. तरुणपणी जॉन्सन यांनी कोटुला गावात मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांना शिकवलं होतं. स्टोनवॉलजवळची ती शाळा आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग आहे. मी दोनदा जाऊन आले. खोली आमच्या गावच्या बालवाडीएवढी.

पण मला जास्त शिकवलं ते पुढच्या गोष्टीनं. १९६९ साली रूबी मार्टिन आणि फिलिस मॅक्लूर या दोघींनी एक अहवाल लिहिला. हा पैसा खरंच गरीब मुलांपर्यंत पोचतो का, एवढाच प्रश्न. उत्तर लाजिरवाणं होतं. कुठे पोहण्याचे तलाव झाले होते, कुठे सगळ्या शाळांची सरसकट खरेदी. काही ठिकाणी काळ्या मुलांच्या शाळांना जे स्थानिक पैशातून आधीच मिळायला हवं होतं, तेच या पैशातून देऊन स्थानिक पैसा दुसरीकडे वळवलेला.

त्यानंतर नियमांची गाठ आवळत गेली. मूळ नियम एकच: या पैशानं भर घालायची, आधीच्या पैशाची जागा घ्यायची नाही. २०१५ च्या कायद्यापासून तो तपासायची रीत बदलली. आता डिस्ट्रिक्टला दाखवावं लागतं, की राज्याचा आणि स्थानिक पैसा शाळांना वाटताना कुठली शाळा टायटल वनची आहे हे आम्ही पाहिलंच नाही. नव्या क्लार्कला मी सांगते, आंधळी कोशिंबीर आठव. आधी डोळ्यांवर पट्टी बांधून सगळ्यांना वाढायचं, मग पट्टी काढून ज्याला भूक जास्त त्याला आणखी वाढायचं. क्रम उलटा झाला की आक्षेप आलाच.

२. घोळ घालणारी माणसं बहुतेक भली असतात

इतक्या वर्षांत पैसे खिशात घातलेला माणूस मी आमच्याकडे पाहिला नाही. पाहिल्या त्या प्रेमळ प्रिन्सिपल.

एका शाळेत गरीब मुलांचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या खाली होतं. अशा शाळेत टायटल वनचा पैसा सगळ्यांवर उधळता येत नाही, मागे पडलेली नेमकी मुलं निवडून त्यांच्यावरच खर्चावा लागतो. तिथे एक वाचनशिक्षिका होती, पगार पूर्ण टायटल वनमधून. रोज सहा गट, प्रत्येक गटात चार-पाच मुलं, अर्ध्या चंद्रासारखं टेबल आणि त्याच्या आतल्या कडेला ती. दुसरीच्या वर्गशिक्षिकेची प्रसूती ठरल्याआधी झाली, बदली शिक्षक मिळेना. प्रिन्सिपलबाईंनी वाचनशिक्षिकेला त्या वर्गावर उभं केलं. ‘दोनच दिवस’ म्हणता म्हणता अठरा दिवस झाले.

मला कळलं ते कसं? ती माझ्याकडे स्वतःहून आली. म्हणाली, ‘माझी गटातली मुलं दारातून डोकावून विचारतात, मिस, आमची पाळी कधी?’

प्रिन्सिपलबाईंचं काय चुकलं? वर्गात बावीस मुलं होती, त्यांना वाऱ्यावर कसं सोडणार? त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. पण त्या अठरा दिवसांचा पगार टायटल वनचा नव्हता, डिस्ट्रिक्टचा होता. आम्ही पगाराची नोंद फिरवली, स्थानिक खात्यातून रक्कम भरली आणि कारण लिहून फाइलला लावलं. प्रिन्सिपलबाई आठवडाभर माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. नंतर मात्र कुठलीही हलवाहलव करायच्या आधी त्यांचा फोन यायला लागला. कुणाला पकडण्यापेक्षा असा आधी येणारा फोन मिळवणं हे माझं खरं काम आहे, हे कळायला मला सहा-सात वर्षं लागली.

३. तारीख

यावर मी तासभर बोलू शकते, म्हणून घरी कुणी हा विषय काढत नाही.

ज्यांचा पगार फेडरल पैशातून होतो, त्यांनी खरोखर त्याच कामावर वेळ घालवला याचा पुरावा लागतो. पूर्वी एकाच निधीवरच्या माणसानं सहा महिन्यांतून एकदा सही केलेलं प्रमाणपत्र द्यायचं आणि दोन निधींत वाटलेल्या माणसानं दरमहा वेळेचा तक्ता, असा साचा होता. डिसेंबर २०१४ पासून लागू झालेल्या एकत्रित नियमावलीनं साचा सैल केला, पण पुरावा माफ केला नाही. आम्ही जुनीच पद्धत चालू ठेवली. सैल नियमात माणूस जास्त अडखळतो, असं माझं मत.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. डिसेंबरची १२ तारीख. सुट्ट्या लागायच्या, सगळे पांगायचे, म्हणून मी मोठ्या हुशारीनं जुलै ते डिसेंबरची सगळी प्रमाणपत्रं आधीच छापली, शाळाशाळांतून फिरवली आणि सत्तावन्न सह्या गोळा केल्या. रंगीत टॅब लावून फाइल तयार. वाटलं, काय काम केलंय!

वसंतात तपासणीला आलेल्या बाईंनी फाइल उघडली, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि चष्मा काढला. कागदावर लिहिलं होतं, की मी १ जुलै ते ३१ डिसेंबर या काळात अमुक काम केलं. खाली सही, तारीख १२ डिसेंबर. ‘यांना १२ तारखेला कसं कळलं, की १३ ते ३१ त्या काय करणार आहेत?’

सत्तावन्नच्या सत्तावन्न कागद बाद. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं, आणि एकही कागद खरा नव्हता. सगळ्यांकडून पुन्हा सह्या घ्याव्या लागल्या. त्यातल्या दोघी तोवर नोकरी सोडून गेल्या होत्या. त्यांच्या पर्यवेक्षकांच्या सह्यांवर काम भागवलं आणि आमच्या नावावर एक लेखी शेरा लागला.

त्या रात्री वडिलांना फोन केला. ते हसले. म्हणाले, ‘अगं, कीर्द आजची आजच लिहायची. उद्याची आज लिहिली तर ती कादंबरी.’ तेव्हापासून माझ्या टेबलावर चिठ्ठी आहे, मराठीत: आधी काम, मग तारीख, मग सही. ऑफिसातल्या सगळ्यांना तिचा अर्थ माहीत आहे. एक स्पॅनिश बोलणारी सहकारी तर ‘मग सही’ असं बऱ्यापैकी म्हणते.

४. वाचवलेला पैसाही अंगावर येतो

आपल्याकडे काटकसर म्हणजे पुण्य. विशेष शिक्षणाच्या निधीत ती अडचण ठरू शकते.

अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा १९७५ चा. त्यात केंद्रानं दर विद्यार्थ्यामागच्या सरासरी खर्चाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत वाटा उचलायचा, असं ठरलं होतं. तो शब्द आजवर एकदाही पाळला गेलेला नाही. अलीकडे वाटा पंधरा टक्क्यांच्याही खालीच असतो. पण डिस्ट्रिक्टकडून मात्र अपेक्षा पक्की: या मुलांवर तुम्ही स्वतःच्या पैशातून मागे जितका खर्च केलात, त्याहून कमी करायचा नाही. कमी केला तर तेवढी रक्कम आपल्या खिशातून परत.

आमच्या एक वाचा-उपचारतज्ज्ञ निवृत्त झाल्या. पगार ७८ हजार डॉलर. त्यांच्या जागी नुकतीच पदवी घेतलेली मुलगी आली, ५६ हजारांवर. मुलांना मिळणारे तास तेवढेच, उपचार तोच. बजेटच्या बैठकीत सगळे खूश, बावीस हजार वाचले! मी कोपऱ्यातून हात वर केला तेव्हा फायनान्सच्या साहेबांनी ‘आता काय?’ अशा नजरेनं पाहिलं.

कायद्यात यासाठी वाट आहे. कर्मचारी आपणहून किंवा निवृत्त होऊन गेला, विशेष शिक्षणातली मुलं कमी झाली, फार खर्चिक गरजा असलेलं एखादं मूल डिस्ट्रिक्ट सोडून गेलं, अशा कारणांनी खर्च घटला तर तो माफ. मात्र ते दाखवता आलं पाहिजे. म्हणून निवृत्तीचं पत्र, दोन्ही पगारपत्रकं आणि बदलीची नोंद त्याच आठवड्यात फाइलला लावायची. दोन वर्षांनी शोधायला गेलात तर एचआरची प्रणाली बदललेली असते, आणि बाई कॉलोराडोला नातवंडांकडे.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर हा नियम योग्य आहे. बजेटची कात्री पहिल्यांदा कुणावर चालते ते मी पाहिलं आहे. ज्यांचे आईवडील बैठकीला येऊन आरडाओरडा करतात त्यांच्यावर ती चालत नाही.

५. सप्टेंबर हा आमचा मार्च

फेडरल वर्ष ३० सप्टेंबरला संपतं. टायटल वनचा पैसा १ जुलैला उपलब्ध होतो आणि मुदतवाढ धरून सत्तावीस महिने वापरता येतो, म्हणजे १ जुलै २०२३ चा पैसा ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत. ऐकायला ऐसपैस वाटतं. पण पहिल्या पंधरा महिन्यांनंतर, रक्कम अगदीच लहान नसेल तर, पंधरा टक्क्यांहून जास्त पुढे ओढता येत नाही. सवलत मिळते ती तीन वर्षांतून एकदा.

मग काय होतं, ते मार्चअखेर पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. एका सप्टेंबरात एका शाळेनं घाईनं तीस आयपॅड मागवले. दोन वर्षांनी मोजणीला गेले तर लायब्ररीमागच्या कपाटात ते तसेच होते, सेलोफेनसुद्धा न काढलेले. चार्जिंगची गाडी मागवायची राहून गेली होती, आणि ज्या शिक्षिकेची ती कल्पना होती ती दुसऱ्या शाळेत गेली होती. तीसच्या तीस जागेवर, एकही चोरीला नाही, हिशेब चोख. त्या दिवशी मला जितकं वाईट वाटलं तितकं तारखेच्या प्रकरणातही वाटलं नव्हतं.

नियमाप्रमाणे इतकी स्वस्त वस्तू ‘उपकरण’ ठरतच नाही. मर्यादा बरीच वर्षं पाच हजार डॉलर होती, ऑक्टोबर २०२४ पासून दहा हजार झाली. उपकरणांची दर दोन वर्षांनी प्रत्यक्ष मोजणी सक्तीची. पण पाय फुटणाऱ्या वस्तू मी किंमत न बघता मोजते. पाठीवर नंबर, रजिस्टरमध्ये नंबर. हे कुणाकडून शिकले ते सांगायला नको.

६. पिझ्झा

पाच लाख डॉलरहून जास्त टायटल वन मिळणाऱ्या डिस्ट्रिक्टला किमान एक टक्का रक्कम पालकांच्या सहभागासाठी राखावी लागते. त्यातून पालकांसाठी खाणं आणता येतं का? अनुभव सांगतो: थोडंसं, कारण असेल तर, आणि कागद असतील तर. संध्याकाळच्या गणित-मेळाव्याला दोन पाळ्यांत काम करणाऱ्या आया पोरांना घेऊन येतात, त्यांना उपाशी कसं बसवायचं? पण नुसतं ३१२ डॉलरचं पिझ्झाचं बिल म्हणजे पार्टी. तेच बिल, सोबत विषयपत्रिका, हजेरीचा कागद आणि इंग्रजी-स्पॅनिश पत्रक असलं, की तो कार्यक्रम. शिक्षकांच्या ख्रिसमसच्या जेवणाचं बिल माझ्याकडे तीनदा आलं आहे. तिन्ही वेळा परत गेलं.

७. खासगी शाळेला पैसा द्यायचा नसतो, सेवा द्यायची असते. खासगी शाळेत जाणाऱ्या, पण टायटल वनच्या वस्तीत राहणाऱ्या मुलांचाही यात वाटा आहे. शिक्षक नेमायचा तो आम्ही, पुस्तकं आमच्या मालकीची, चेक त्या शाळेच्या नावे कधीच नाही. दर वर्षी कुणीतरी हे नव्यानं विचारतं.

८. एकदाच येणाऱ्या पैशातून कायमचा माणूस नेमू नका

मी नोकरीला लागले आणि वर्षभरात २००९ चं मंदीतलं पॅकेज आलं. टायटल वनसाठी जादा दहा अब्ज डॉलर, विशेष शिक्षणासाठी त्याहून थोडे जास्त. आमच्याकडे भराभर माणसं नेमली गेली. २०११ मध्ये पैसा संपला, आणि कमी करायच्या लोकांची यादी टाइप करण्याचं काम माझ्याकडे आलं. त्यातल्या एकीबरोबर मी रोज डबा खात असे.

कोविडमध्ये तेच, कितीतरी मोठ्या प्रमाणात. मार्च २०२० ते मार्च २०२१, तीन हप्त्यांत मिळून सुमारे १९० अब्ज. या वेळी मी हट्ट धरला: नेमणूकपत्रात निधीचं नाव आणि शेवटची तारीख छापा, आणि जमेल तितका पैसा टिकाऊ गोष्टींत घाला. आम्ही जुन्या शाळांची हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बदलली. तिथे नवा धडा. दोन हजार डॉलरवरच्या बांधकामाला फेडरल पैसा लागला की कामगारांना त्या भागाच्या ठरलेल्या दरानं मजुरी द्यावी लागते आणि दर आठवड्याची प्रमाणित पगारपत्रकं घ्यावी लागतात. ठेकेदाराचा माणूस ती मला पिकअपच्या डॅशबोर्डवरून काढून द्यायचा, वर कॉफीचे गोल डाग.

हा पैसा आधी खर्च करायचा आणि मग मागायचा असतो, हेही नव्या लोकांना पटत नाही. त्यांना वाटतं, मंजूर झाला म्हणजे मिळाला. २८ मार्च २०२५, शुक्रवार. शिक्षणमंत्री लिंडा मॅकमॅहन यांचं राज्यांना पत्र आलं, की कोविड निधीची बिलं चुकती करायला दिलेल्या वाढीव मुदती रद्द, मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपली. पुढे प्रकरण कोर्टात गेलं. ३० जूनला दुसरा निरोप: उद्या, म्हणजे १ जुलैला मिळायचे शिक्षक-प्रशिक्षण, इंग्रजी शिकणारी मुलं, शाळेनंतरचे वर्ग वगैरेंचे पैसे तूर्त नाहीत. देशभर मिळून सहा अब्ज डॉलरहून जास्त. जुलै संपता संपता ते सुटले, पण त्या साडेतीन आठवड्यांत आमच्या ऑफिसात कुणी धड झोपलं नसेल. माझी तोवरची बिलं मात्र सगळी मागून झाली होती. मी दर महिन्याला मागते. वर्षाची मिळून एकदम मागणारे शेजारी आता माझ्याकडे तक्ता मागायला येतात.

९. ऑडिटरला चहा द्या, पण पान शोधून तुम्हीच द्या

वर्षाला दहा लाख डॉलर किंवा त्याहून जास्त फेडरल पैसा खर्च करणाऱ्या डिस्ट्रिक्टचं ‘सिंगल ऑडिट’ होतं. ही मर्यादा आधी साडेसात लाख होती. ऑडिटर साधारण पंचविशीतला असतो, शाळेच्या वर्गात शेवटचा गेलेला तो स्वतः शिकत असताना. तो नमुन्याला चाळीस व्यवहार उचलतो. त्याला जे सापडत नाही ते त्याच्या लेखी झालेलंच नसतं. न विचारलेलं सांगू नये, असा सल्ला मला पहिल्या वर्षी मिळाला होता. मी तो पाळत नाही. चूक आम्हीच आधी सांगितली आणि दुरुस्तीचा कागद पुढे ठेवला, तर शेरा सौम्य येतो. निदान माझा अनुभव तसा आहे.

अमेरिकेत मुलं शाळेत असलेल्या मराठी पालकांना एक सांगते. आपण टेस्टचे गुण आणि शाळांचं रेटिंग पाहून घरं घेतो, पण ऑडिट कधी कुणी उघडून पाहत नाही. तुमच्या डिस्ट्रिक्टचं सिंगल ऑडिट झालं असेल तर ते फेडरल ऑडिट क्लिअरिंगहाउसच्या साइटवर फुकट मिळतं. सुरुवातीची आकड्यांची पानं सोडा, शेवटी ‘फाइंडिंग्ज’ असतात तेवढी वाचा. आणि शाळा टायटल वनची असेल तर वर्षातून एक सभा पालकांसाठी घ्यावीच लागते. आमच्याकडे ती सप्टेंबरात असते, संध्याकाळी साडेसहाला. जा. पैसा कुठे जातो ते विचारा. गेल्या वेळी आमच्या सभेला अकरा पालक आले होते, त्यातलं मराठी कुणी नव्हतं. पिझ्झा उरला होता.